करप्याला न भिणारे वाल घेऊन मुंबईत

मांडव्याहून बोटीत बसलो तेव्हा माझ्या पिशवीत दोन गोष्टी होत्या. फडक्यात बांधलेलं कोरड्या वालाचं गाठोडं, आणि स्टीलच्या डब्यात मोड आणून सोललेले वाल. गाठोड्याबद्दल मी त्या चार दिवसांत भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. डब्याबद्दल आज सांगतो.

मी तसा कमी बोलणारा माणूस. अलिबागकडच्या एका छोट्या संशोधन केंद्रात कडव्या वालावर काम करतो. भात काढलं की उरलेल्या ओलीवर आमच्याकडे वाल पेरतात. त्याला पाणी लागत नाही, खत लागत नाही. लागतं फक्त कोरडं, थंड हवामान. अलीकडे तेच मिळत नाही. ऐन फुलोऱ्यात अवकाळी पाऊस येतो आणि त्याच्यामागून करपा. पानावर आधी तेलाचं बोट लागल्यासारखे ओलसर डाग पडतात, मग ते तपकिरी होतात, भोवती पिवळी कड येते, आणि आठवड्याभरात शेत आगीजवळून काढल्यासारखं दिसतं. हा बुरशीचा करपा नव्हे, जिवाणूचा. फवारून जात नाही. बियाण्याच्या आत बसून येतो, म्हणजे शेतकरी आपल्या हातानेच त्याला पेरतो.

माझा चुलतभाऊ दत्तू याने असा दोन वर्षं पेरला. दोन्ही वर्षं शेंगा सुरकुतल्या. त्याच्यासाठी म्हणून नव्हे, पण त्याचं शेत डोळ्यांसमोर ठेवून मी एका रानवेलाशी आपल्या कडव्या वालाचा संकर केला. तो रानवेल घाटाच्या उतारावर भर पावसात हिरवागार असतो. वालाच्या बऱ्याच पिढ्या गेल्या. आता जो वाण हाताशी आहे त्याच्या पानात सुईने जिवाणू टोचले तरी डाग मोहरीएवढाच राहतो, पुढे सरकत नाही. रोग येतो, पण झाडाला खात नाही. प्रतिकार म्हणजे हेच, आणि त्याबद्दल मला तिळभर शंका नाही. तेव्हाही नव्हती.

शंका दुसऱ्याच गोष्टीची होती. वाल मुंबईला विकले जातात ते बिरड्यासाठी. बिरड्याचे वाल भिजवून, मोड आणून, एकेक सोलावे लागतात. सुनंदाने, माझ्या बायकोने, नव्या वालाची पहिली परात सोलायला घेतली आणि अर्ध्यावर उठली. "अहो, हे साल सोडतच नाहीत. बोटं बघा माझी." मी म्हणालो, "नवीन आहे, सवय होईल." मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी तिने मोडाचे वाल सोड्याच्या गरम पाण्यात टाकले, सालं फुगून सुटली, आणि गिरगावातल्या माझ्या बहिणीसाठी डबा भरून दिला. देताना एवढंच म्हणाली, "सोडा घातलाय हे शालूताईंना सांगा हं." मी "हो" म्हणालो.

शनिवार, भाऊचा धक्का ते दादर

श्रावणातला समुद्र राखाडी आणि आडदांड असतो. बोट धक्क्याला लागली तेव्हा माझ्या पिशवीवर एका बाईने सुक्या बोंबलांची टोपली निवांत टेकवून ठेवली होती. "अहो, पिशवी!" म्हटलं तर म्हणाली, "असू द्या दादा, बोंबील जात नाहीत पळून." बोंबील गेले नाहीत, पण त्यांचा वास माझ्याबरोबर आला.

टॅक्सीने रे रोडच्या लाकडाच्या वखारी मागे टाकल्या आणि दादरला मंडईपाशी सोडलं. तिथे मंदाकाकी बसतात. मोड आलेले मूग, मटकी, चवळी आणि सोललेले वाल यांचे ढीग, वर ओलं फडकं, आणि स्वतः एका उलट्या क्रेटवर. हात सतत वाल सोलतात, तोंड सतत गिऱ्हाइकाशी बोलतं. आमच्या भागातले वाल किती वर्षं त्यांच्याकडे येतात. त्यांनी घेतले तर दादरने घेतले असं समजायचं.

"साहेब स्वतः आले!" त्या म्हणाल्या. "म्हणजे नक्की काहीतरी खपवायचंय."

मी गाठोड्यातले वाल दिले. त्यांनी तळहातावर घेऊन पाहिले, एक दाताखाली धरला.

"रंग चांगलाय. कडवटपणा हाय. आज भिजवते, उद्या बांधते, सोमवारी सकाळी या. सोमवारी वालाला उसंत नसते बघा, सगळ्यांचा उपास सुटतो."

सोड्याबद्दल तेव्हाच बोलता आलं असतं. मी त्यांच्या हातांकडे बघत राहिलो. अंगठा आणि बोट यांच्यात वाल आला की नुसता दाब, आणि आतला दाणा टपकन परातीत. हे मी आयुष्यभर घरात पाहिलं होतं आणि एकदाही केलं नव्हतं. वालावर इतकी वर्षं घालवली. पान, शेंग, दाणा, सगळं मोजलं. सोलायला मात्र कधी बसलो नाही.

रविवार, गिरगाव

माझी मोठी बहीण शालूताई गिरगावात. तिच्या सासरची चाळ पाडून तिथे मनोरा उभा राहिला आहे आणि तीच माणसं आता एकमेकांच्या डोक्यावर राहतात. चाळीत दारं उघडी असायची. आता बंद असतात, पण वाटी मात्र अजून जाते. ताईने काही केलं की समोरच्यांच्या दाराची बेल वाजवून वाटी पुढे करते, आणि ती कधी रिकामी परत येत नाही. आमच्या गावात वाटी पाठवायची गरज पडत नाही. वास आला की माणूसच येतो.

वासावरून आठवलं. शनिवारी रात्री मी आत शिरताच भाऊजींनी पेपर खाली केला.

"विनायकराव, श्रावणात सुकट?"

"पिशवीला लागलाय वास. बोटीत एक बाई..."

"बोटीत बाईही होती! शालू, ऐकलंस का?"

ताईने पिशवी थेट गॅलरीत टाकली आणि डबा हातात घेऊन उघडला. "अगं बाई, सोलूनसुद्धा दिलेत सुनंदाने! देव तिचं भलं करो." हीच वेळ होती. मी म्हणालो, "हो ना."

रविवारी दुपारी तिने बिरडं केलं ते श्रावणातलं, कांदा-लसूण नसलेलं. तेलात हिंग-मोहरी, हळद, वर वाल, मग नारळाचं दाट दूध, आमसुलं आणि गूळ. आमच्याकडे नारळाचं नुसतं वाटण घालतात आणि रस पातळ ठेवतात, कारण तो भातावर ओतायचा असतो. गिरगावात बिरडं ताटात मानाने डावीकडे वेगळं बसतं. भाऊजींनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"लोण्यासारखं शिजलंय हो. हा तुमचा नवा वाल? फर्स्ट क्लास!"

ते लोणी सोड्याचं होतं. जिभेवर मला शेवटी किंचित साबणासारखी चव जाणवत होती. आमसुलांनी ती बाकीच्यांपासून लपवली.

ताईने समोरच्यांकडे वाटी पाठवली. वाटीत साखरफुटाणे आले आणि निरोपही आला की बिरडं फार सुरेख. मी गॅलरीत जाऊन दत्तूला फोन लावला. तो वाटच पाहत होता.

"दादा, काय झालं?"

"पास," मी म्हणालो. "गिरगाव पास."

पलीकडे त्याने कुणाला तरी ओरडून सांगितलं, "अगं, पास झाला वाल!" मग मला म्हणाला, "मग मी बाकीच्यांना सांगू ना? सगळे विचारतायत. यंदा हाच पेरायचा."

खाली रस्त्यावर गोविंदाच्या सरावाचे थर लागत होते. वरून माणसांची नुसती डोकी दिसत होती, एकावर एक. मी म्हणालो, "सांग."

सोमवार, दादर आणि परळ

गिरगावाहून दादरला आता जमिनीखालून मेट्रोने जाता येतं. खाली इतकं स्वच्छ आणि गार असतं की आपणच मळके वाटतो. वर आलो की लगेच फुलांचा चिखल आणि "बाजू, बाजू" करत जाणाऱ्या हातगाड्या.

मंदाकाकींनी मला पाहिलं आणि हातातलं काम थांबवलं. त्या काम थांबवतात हे मी प्रथमच पाहत होतो.

"साहेब, तुमचं पोर हट्टी हाय."

त्यांच्यासमोर दोन वाट्या होत्या. एकीत नेहमीचे वाल, दुसरीत माझे. मोड दोन्हींना सारखेच, पांढरेशुभ्र. त्यांनी नेहमीचा वाल दाबला, टपकन दाणा. माझा दाबला. काही नाही. पुन्हा दाबला, तेव्हा दाणा मधोमध फुटला आणि साल तसंच चिकटलेलं.

"एक अडला की हात थांबतो. हात थांबला की बोलणं थांबतं, बोलणं थांबलं की गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडे जातं. करू काय मी ह्याचं?"

त्यांनी भुवया उडवल्या.

"काल तुमच्या बहिणीकडे म्हणे झकास झालं बिरडं. तुम्हीच रात्री मला फोन करून सांगितलंत. तिथं कसं सुटलं साल?"

मी तिथेच, चिखलात उभा राहून, सांगून टाकलं. "सोडा घातला होता. माझ्या बायकोने. आणि साल निघत नाही हे मला घरूनच माहीत होतं."

मंदाकाकी मोठ्याने हसल्या, इतक्या की शेजारची कोथिंबीरवाली वळली.

"अगं ए, ऐकलंस? एवढा शिकलेला माणूस बहिणीला सोडा चारून आला! म्हणे श्रावणातला पाहुणा!" मग हसणं एकदम आवरून म्हणाल्या, "पण भाऊ, मला सांगितलं असतंत तर मी नख तरी तोडून घेतलं नसतं." आणि अंगठा पुढे केला. नख कडेला उलटलं होतं.

ते नख मला अजून दिसतं. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "राहू दे, नख येतं पुन्हा," आणि न सोललेले माझे वाल ओल्या फडक्यात बांधून परत दिले.

दुपारी परळला गेलो. माझ्या कॉलेजातल्या मित्राची बायको सुलभावहिनी तिथे जुन्या गिरणीच्या मागच्या चाळीत डबे करते. जिथे भोंगा वाजायचा तिथे आता काचेची कार्यालयं आहेत, आणि त्यांच्यातली पोरं वहिनीचं मालवणी जेवण जेवतात. एका खोलीत तीन शेगड्या, दारात डब्यांची रांग, आणि वहिनी पदर खोचून मधोमध.

या वेळी मी गाठ सोडायच्या आधीच म्हणालो, "वहिनी, वाल आणलेत. रोगाला दाद देत नाहीत, चवीला चांगले आहेत, पण साल निघत नाही."

"अरे देवा! पयल्यांदाच कोणी माल घेवन इलो नि सांगता, माल बरो नाय म्हणून!" वहिनी म्हणाली. "बसा भावजी. तुमका आधी जेवूक वाढतंय."

तिने मूठभर वाल सालासकट कुकरला लावले आणि खोबऱ्याचं वाटण घालून उसळ केली. आम्ही दोघांनी खाल्ली. चव चांगली होती आणि साल कागदासारखं दातांत येत होतं. वहिनीने एक साल बोटांनी काढून ताटाच्या कडेला ठेवलं, मी दुसरं ठेवलं. पाहता पाहता कडेला सालांची रांग झाली.

"ऑफिसातली पोरां ह्यां थुकतली आणि उद्यापासून डबो बंद," तिने निकाल दिला. "ह्याची डाळ करा. भरडलात की साल आपोआप जातलां. दोडक्यात घालूक वालाची डाळ लागताच ना?"

ती म्हणाली ते बरोबर होतं, आणि ते अर्धंच उत्तर आहे हेही आम्हा दोघांना ठाऊक होतं. डाळ कशाचीही होते. वालाला मुंबईत मान आहे तो बिरड्याचा.

लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत मिरच्या कांडल्या जात होत्या. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण शिंकत होता. तिथेच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून मी दत्तूला फोन केला. शिंका आवरत सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "मग काल काय जेवलात तुम्ही?"

"सोडा घातलेलं बिरडं."

"आणि मला पास म्हणालास."

"हो."

"दादा, मी सकाळी मंदिरात सगळ्यांसमोर शब्द दिला. माझ्या नावावर पेरणारेत ते. करप्याने गेलं असतं तर दैव म्हटलं असतं. हे पीक उभं राहिलं असतं आणि कोणी घेतलं नसतं. मग काय म्हटलं असतं?"

"माझं नाव घेतलं असतं."

"तुझं नाही. माझं घेतलं असतं." त्याने फोन ठेवला.

सोमवार संध्याकाळ, गिरगाव

ताई दारातच उभी होती. "आणलेस ना दादरहून सोललेले? आम्ही दोघं सकाळपासून साबुदाण्यावर आहोत."

मी फडकं ओट्यावर ठेवलं आणि सांगितलं. सोड्याचं, सुनंदाच्या निरोपाचं, मंदाकाकींच्या नखाचं, दत्तूच्या फोनचं. एवढं सलग मी त्या घरात कधी बोललो नव्हतो. भाऊजींनी पेपर पूर्ण घडी करून बाजूला ठेवला.

"म्हणजे मी काल जे लोणी म्हटलं..."

"ते सोडा होतं."

"आणि मी समोरच्यांना वाटी दिली!" ताई म्हणाली. "त्या कृती विचारायला येणार आहेत!"

ती खरोखर चिडली होती. मग तिने सर्वांत मोठी परात काढली, खाली सतरंजी टाकली, आणि कोमट पाण्यात माझे वाल ओतले.

"बस. सोल. सोडा नाही, काही नाही. हे सगळं सोलून झाल्याशिवाय आज कुणाचा उपास सुटणार नाही."

"मी का?" भाऊजी म्हणाले.

"तुम्ही लोणी म्हणालात म्हणून."

आम्ही तिघं बसलो. पहिला वाल मी धरला आणि तो निसटून सोफ्याखाली गेला. दुसरा फुटला. ताईने माझा हात धरून दाखवलं: मोडाच्या उलट बाजूला नख, मग दाब. तरी साल ओढून काढावं लागत होतं, जखमेवरची पट्टी काढतात तसं. बोटांची टोकं पांढरी पडली, सुरकुतली. सुनंदाने बोटं दाखवली होती तेव्हा मी नीट पाहिलीही नव्हती.

आणि मग एक वाल हातात घेतला, दाबला, आणि दाणा टपकन बाहेर.

मी सालाकडे पाहिलं. पातळ, मऊ, अखंड. वाटलं चुकून मंदाकाकींच्या ढिगातला आला. पण माझ्या वालाच्या पोटावर रानवेलाकडून आलेली एक करडी रेघ असते, ती त्याच्यावर होती. मी तो बाजूला वाटीत ठेवला आणि पुढचे वाल सावकाश घेऊ लागलो. अडणारा, अडणारा, अडणारा, आणि पुन्हा एक टपकन.

माझा वाण अजून पूर्ण एकसारखा झालेला नव्हता हे मला माहीत होतं. पिढ्यान्‌पिढ्या मी पानावरचा डाग बघून झाडं निवडत आलो. डाग लहान तर ठेव, मोठा तर उपट. सालाकडे पाहून एकही झाड निवडलं नव्हतं. रानवेलाकडून प्रतिकार घेताना त्याचं जाड सालही सोबत आलं होतं, पण सगळ्याच झाडांत नव्हे. काही झाडांनी ते वाटेत टाकलं होतं, आणि ते बघायला मी परातीपाशी बसायला हवं होतं.

"हे वाटीतले टाक आता कुकरात," ताई म्हणाली.

"नाही."

"अरे, मूठभरही नाहीत."

"म्हणूनच नाही. मोड शाबूत आहेत. हे पेरायचेत."

भाऊजींनी वाटीत डोकावून पाहिलं. "सोललेले वाल उगवतात?"

"ओले राहिले आणि मोड मोडला नाही तर उगवतात."

ताईने माझ्याकडे पाहिलं, मग उठून जुनं मलमलचं फडकं फाडून आणलं, पाण्यात भिजवून पिळलं, आणि वाटी त्यात हळूच उपडी केली. जेवायला उशीर झाला. बिरडं कालच्याइतकं मऊ नव्हतं. भाऊजी म्हणाले, "दाताला लागतंय. पण बिरडं आहे." समोरच्यांकडे वाटी गेली आणि ताईने दारातच त्यांना सोड्याचं खरं सांगितलं. त्या हसून म्हणाल्या की आम्हीही घालतो.

मंगळवार, मांडवा

दत्तू येईल असं वाटलं नव्हतं. धक्क्यावर उतरलो तर तो रेनकोट घालून मोटरसायकलवर बसलेला. पाऊस कोसळत होता. त्याने पिशवी घेतली, वास घेतला, नाक मुरडलं, आणि हँडलला अडकवली.

"तुझ्याबरोबर येतो आज मंदिरात," मी म्हणालो. "सगळ्यांना मीच सांगतो. ज्याला डाळीसाठी पेरायचाय त्याने थोडा पेरावा, वेगळा ठेवावा, बिरड्याच्या वालात मिसळू नये. बाकीच्यांनी यंदा थांबावं."

"सांगावंच लागेल," तो म्हणाला. मग माझ्या छातीशी धरलेल्या ओल्या पुरचुंडीकडे पाहून, "हे काय?"

"वाल. हे साल सोडतात."

त्याने पुरचुंडी उघडली नाही, वरून बोटाने चाचपली. "आणि करपा?"

"त्याला तोंड देतील असं वाटतं. पण पारखून पाहायला हवं. म्हणून आत्ताच, तुझ्या परसात लावू. वाफ्यावर आडोसा घालायचा नाही, बिया कुजू नयेत एवढाच वाफा उंच करायचा."

"आत्ता? या पावसात? गेल्या वर्षीच्या वेली अजून पडल्यात तिथे, सगळा करपा त्यांच्यात आहे. खाऊन टाकील."

"त्याला खाता येईल तेवढे खाऊ दे," मी म्हणालो. "जे उरतील ते तुझे. ते शेंगांवर आले की पहिली परात मी सोलणार."

दत्तूने माझी बोटं पाहिली. अंगठ्याचं नख कडेने उलटलं होतं. त्याने रेनकोटची चेन अर्धी उघडली, पुरचुंडी माझ्या हातातून घेतली, शर्टाच्या आत पोटाशी ठेवली, आणि चेन वर ओढली.

"बस मागे," तो म्हणाला. "आणि धरून बस. खड्डे आहेत, मोड मोडायचे."